नागीणताईंचा घागरासुर

नागीणताईंना कुणी दुखावलं की त्या भांडत नसत. समोरच्याकडे नीट बघत आणि शांतपणे विचारत, "नाव काय तुमचं?" त्या बिचाऱ्याला वाटायचं, बाई तक्रार करणार बहुतेक. तक्रार कसली! महिन्याभरात तो माणूस त्यांच्या गोष्टीत राक्षस, हडळ, नाहीतर तीन डोळ्यांचा बेडूक होऊन यायचा आणि त्याचे असे हाल व्हायचे की टाईप करताना माझे हात थरथरायचे. हो, टाईप मीच करत होते. आणि हात थरथरत होते ते भीतीने नाही, मजा यायची म्हणून. उगाच खोटं कशाला बोलू?

त्यांचं खरं नाव विमल सोनवणे. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या साड्यांच्या दुकानात त्या ऐंशीच्या सुमाराला लागल्या आणि मी त्यांना ओळखायला लागले तोवर तिथल्या काउंटरच्या राणी झाल्या होत्या. राहायला बदलापुरात, एका बैठ्या चाळीत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या आणि मनात राक्षस रचायचे, हा त्यांचा दिनक्रम. शेठला हे ठाऊक होतं. तो अधूनमधून घाबरत विचारायचा, "बाई, कहानी में मेरेको क्या बनाया?" ताई सांगायच्या, "यक्ष बनाया, साईं. अच्छावाला." कारण एका उन्हाळ्यात त्याने कुणी न मागता काउंटरच्या त्यांच्या बाजूला पंखा लावून दिला होता. त्यांचा राग टिकायचा तसे उपकारही टिकायचे, एवढं कबूल करायला हवं.

पण रागाची गोष्टच वेगळी. त्यांच्या लग्नात नणंद चारचौघांत म्हणाली होती, "नवरीच्या घरचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी." झालं! ती नणंद पुढे जावयांची सासू झाली, नातवंडांची आजी झाली, ताईंशी गोड बोलायला लागली, दिवाळीला चकल्या पाठवायला लागली. ताई चकल्या खायच्या आणि गोष्टीत तिला कढईभर फिक्का चहा पाजायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, आता सोडून द्या की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, पुढची कढई माझी.

त्यांच्या गोष्टी सगळ्या एकाच राज्यात घडायच्या. त्याचं नाव तळदेश. नदीच्या तळाखाली उलटं टांगलेलं राज्य. तिथे माणसं छताला पाय लावून चालतात आणि पाऊस खालून वर पडतो. राक्षस होते, यक्ष होते, जखिणी होत्या, बोलणारे खेकडे होते. देव नव्हते. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "देव आणले की सूड ते घेतात. मग आपल्याला काय उरलं?" ऐंशीच्या दशकात त्यांनी या गोष्टी कितीतरी दिवाळी अंकांना पाठवल्या. सगळ्या साभार परत. एका संपादकाने वर शहाणपण शिकवलं की राक्षसांच्या गोष्टी लहान मुलांसाठी असतात, आणि तुमच्या वाचून लहान मुलं झोपायची नाहीत. तो संपादक तळदेशात अजून एका विहिरीत लटकलेला आहे आणि दर अमावास्येला त्याला स्वतःचे अग्रलेख मोठ्याने वाचावे लागतात.

माझा बदलापुरातच, कात्रपला, टायपिंगचा क्लास होता. नव्वदचं दशक संपत आलं तसं टाईपरायटरला कुणी विचारेना, म्हणून मी दोन कॉम्प्युटर घेतले, फोनच्या लाईनवर इंटरनेट घेतलं आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. ताई माझ्याकडे गोष्टी टाईप करून घ्यायला आधीपासून यायच्याच. एक दिवस मी त्यांना 'ओटा' दाखवला. मराठी माणसांनी इंटरनेटवर मांडलेला लिहिण्याचा अड्डा होता तो. कुणी अमेरिकेत, कुणी दुबईत, कुणी पुण्यात. सगळे आपापलं लिहायचे आणि एकमेकांना वा वा म्हणायचे. आत शिरायला टोपणनाव लागायचं. बाकीच्यांची नावं आपली प्राजक्त, चांदणं, मुसाफिर अशी. ताई म्हणाल्या, "नागीण लिही."

"अहो ताई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. डूख धरते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं."

पण ओट्यावरची माणसं भारी सभ्य. पहिल्याच दिवशी न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'नागीणताई, आपलं स्वागत आहे!' मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. ताईंना मात्र ते नाव मनापासून आवडलं आणि तेव्हापासून मीही त्यांना तेच म्हणायला लागले.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या यायच्या, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या आणि तोंडी सांगायच्या. बसून त्यांना सुचतच नसे. इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहूनच रचलेलं सगळं. वाक्यं हातांनी मोजायच्या. दोन्ही हात साडीची घडी धरल्यासारखे पुढे यायचे. "हे वाक्य वीतभर कमी कर." "इथे नुसता पदर दाखव, सगळं आत्ताच उलगडू नकोस." मराठी अक्षरं तेव्हा ओट्यावर उमटत नसत, सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे. ते बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "माझ्या राक्षसाला सूटबूट घातलास गं!" तरी येणं कधी चुकवलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाचक मिळाले होते.

तळदेशातली नदी रोज रंग बदलते. एके दिवशी जांभळी, एके दिवशी हिरवी, कधी लालभडक. ओट्यावर याचं केवढं कौतुक! 'नागीणताई, काय ही कल्पनाशक्ती!' असं शिकागोच्या एक बाई दर वेळी लिहायच्या. मी वाचून दाखवलं तर ताई खो खो हसल्या. "कल्पनाशक्ती कसली डोंबलाची! आपली उल्हासनगरची वालधुनी आहे ती. कारखान्यात ज्या रंगाचा माल, त्या रंगाचं पाणी." मग एकदम गंभीर झाल्या. "पण त्यांना सांगू नकोस हं. त्यांना अद्भुत वाटतंय तर वाटू दे." तळदेशातलं सगळंच असं होतं. ज्याला आपला परिसर माहीत, त्याला प्रत्येक राक्षसाचा पत्ता सांगता आला असता. आपल्याकडचं कुणी ओट्यावर नाही असं वाटायचं, म्हणून ताई निर्धास्त होत्या.

सगळ्यात मोठा राक्षस अजून यायचा होता. तो म्हणजे नाना टँकरवाला. नळाला पाणी नाही आलं की नानाचा टँकर यायचा, आणि नानाचा टँकर यावा म्हणूनच नळाला पाणी येत नाही, असं सगळे म्हणायचे. अर्थात हळू आवाजात. हातात बुलेटची किल्ली, ती कानात घालून फिरवत बोलायची सवय आणि तोंडात एकच वाक्य, "पाणी आपलंच हाय, घाबरू नका." ताईंच्या चाळीने एकदा त्याच्याविरुद्ध सह्यांचा अर्ज केला. पहिली सही ताईंची. दुसऱ्या दिवशी नानाची दोन माणसं आली आणि ताईंच्या दारातलं भरलेलं पिंप त्यांच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर उपडं केलं. ऐन मे महिन्यात! नाव विचारायची गरजच नव्हती. तळदेशाच्या पाचव्या भागासाठी ताईंच्या डोक्यात घागरासुर तयार झाला. अख्खी नदी पिऊन टाकणारा आणि मग तीच नदी घागरी-घागरीने विकणारा.

आणि मग आले लेखकमहाशय. ओट्यावर हेच ते मुसाफिर. वर्षापूर्वी दादरहून कात्रपला फ्लॅट घेऊन आलेले, चांदण्यावर कविता करायचे. नागीण बदलापूरचीच आहे असं कळल्यावर माझ्या कॅफेत हजर. "ताई, तुमची जागा या ओट्यावर नाही. तुमचं पुस्तक व्हायला हवं, पुस्तक!" पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईला हे पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगत होतं. त्या लाजल्या. नागीण लाजलेली मी तेवढी एकदाच बघितली. त्यांनी महाशयांना घरी बोलावलं, सुकटीची चटणी आणि गरम भाकरी खाऊ घातली. बोटं चाटत त्यांनी शब्द दिला की शुद्धलेखन मी बघतो, सगळं नीट मराठी अक्षरांत उतरवतो आणि मोठ्या प्रकाशकाला दाखवतो. तेव्हापासून प्रत्येक भागाची एक प्रत महाशयांना जायला लागली.

कल्याणहून एक साप्ताहिक निघायचं. मी त्यात क्लासची जाहिरात दिली होती, म्हणून अंक घरी आला. जाहिरात बघायला पान उलटलं तर तिच्या बरोबर वर महाशयांचा फोटो, हनुवटीला हात लावून विचार करणारा. 'तळदेश. अद्भुत कादंबरी, भाग तिसरा.' लेखक म्हणून नाव महाशयांचं आणि वाक्य न् वाक्य ताईंचं. माझ्या बोटांखालून गेलेली वाक्यं मला ओळखू येणार नाहीत? तळपायाची आग मस्तकात गेली. मी तश्शी उल्हासनगरला दुकानात जाऊन धडकले.

ताई एका नवरीला शालू दाखवत होत्या. ती जाईपर्यंत त्यांनी अंकाला हात लावला नाही. मग सगळा वाचला. आपलं चोरीला गेलेलं भांडं दुसऱ्याच्या मांडणीवर दिसावं, तसं त्या एकेका ओळीवरून बोट फिरवत होत्या. "ही जखीण मी नवरा गेला त्या वर्षी रचली होती," एवढंच म्हणाल्या. डोळे भरले होते. मला ते बघवेना.

"ताई, चला. त्याच्या बिल्डिंगखाली उभ्या राहू आणि त्याची वरात काढू. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते."

"थांब. कितवा भाग आलाय?"

"तिसरा. चौथा पुढच्या अंकात."

"घागरासुर पाचव्यात येतो," ताई म्हणाल्या आणि शालूची घडी घालायला लागल्या.

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. महाशय दादरचे. नानाला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं; बिल्डिंगचा टँकर सेक्रेटरी मागवायचा. शिकागोच्या बाईंना जशी वालधुनी अद्भुत, तसा महाशयांना घागरासुर अद्भुतच वाटणार होता. आणि तो आपल्या नावाने, आपल्या फोटोसकट, नानाच्याच गावात छापून आणणार होता.

त्या सुट्टीच्या दिवशी ताईंनी पाचवा भाग सांगितला. हात आखडता घेतलाच नाही. कानातली किल्ली घातली, अंगठ्यावरचा मस घातला, लंगडणारा ड्रायव्हर घातला, 'पाणी आपलंच आहे, घाबरू नका' हे तर जागोजागी. बुलेटच्या जागी काळा रेडा केला, तेवढाच काय तो फरक. प्रत न्यायला महाशय आले, उभ्या उभ्या वाचलं आणि डोळे मोठे करून म्हणाले, "ताई, काय जिवंत उतरलाय हो हा राक्षस!"

"अजून जिवंत वाटेल तुम्हाला," ताई म्हणाल्या. मी तोंडात पदर कोंबून आत गेले.

छापून आलं मात्र! चहाच्या टपरीवर अंक मोठ्याने वाचला गेला. पोरं टँकरमागे 'घागरासुर आला रे' ओरडत धावायला लागली. टँकरवर कुणी खडूने शिंगं काढली. चामटोलीपासून कात्रपपर्यंत नानाला दुसरं नावच उरलं नाही. मी तो आठवडा सणासारखा साजरा केला, घरी दोनदा गोड केलं, आणि सासूबाई कारण विचारत राहिल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताई नेहमीसारख्या माझ्या खुर्चीमागे उभ्या असताना कॅफेचं दार धाडकन उघडलं आणि महाशय आत आले. म्हणजे आणले गेले. मागे नानाची दोन माणसं, त्यांच्यामागे नाना, आणि दाराबाहेर बघ्यांची ही गर्दी. महाशयांच्या शर्टाची बटणं तुटली होती, चष्मा हातात होता.

"दाखवा यांना!" ते माझ्यावर ओरडले. "ओट्यावर दाखवा! गोष्ट माझी नाही हो! देवाशप्पथ माझी नाही!"

मी फोन जोडला. मॉडेम किंचाळायला लागला तसा नाना दचकून मागे सरकला. "ह्याला काय झालं?" मग पडद्यावर पान हळूहळू उतरलं. गोष्टीखाली 'नागीण' असं लिहिलेलं होतं, पण सगळं इंग्रजी अक्षरांत. नानाने वाकून बघितलं. "हे तं इंग्रजी हाय. मला येडा समजतो काय?"

"अहो, नागीण म्हणजे ह्या!" महाशयांनी ताईंकडे बोट दाखवलं. "ह्या, साड्या विकणाऱ्या! ह्यांनी लिहिलंय!"

नानाने ताईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसला. "बाईमाणसावर ढकलतो व्हय रे? फोटो तुझा, नाव तुझं, आन लिवलं हिनं?" एकाने महाशयांची कॉलर धरली.

आता ताईंनी फक्त गप्प बसायचं होतं. 'मला काय लिहिता येतंय बाई,' एवढं जरी म्हटलं असतं तरी महाशयांचं तिथल्या तिथे भरीत झालं असतं आणि आम्ही दोघींनी आरामात चहा घेतला असता. मी मागे हात करून त्यांचा पदर ओढला. गप्प बसा ना, ताई!

त्यांनी पदर सोडवून घेतला आणि पुढे आल्या. नानाकडे बघितलंसुद्धा नाही. महाशयांना विचारलं, "गोष्ट कुणाची?"

"तुमची, ताई."

"दाराबाहेर ऐकू गेलं नाही."

"तुमची! सगळी तुमची! मी चोरली!"

मग त्या नानाकडे वळल्या. "ऐकलंत? माझी आहे. घागरासुर मी केला. माझं पिंप रस्त्यावर उपडं केलंत ना, त्या दिवशी केला."

नानाची किल्ली कानापाशीच थांबली होती. आणि मग त्या माणसाने जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "फुडं काय व्हतं त्याचं?"

"मरतो. सातव्या भागात."

"कसा?"

"तहानेने."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. नाना हसला नाही. त्याने कॉलर सोडायला सांगितली, ताईंकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. महाशय कधी पळाले ते कळलंच नाही.

मी ताईंवर अशी काही भडकले! "हातातोंडाशी आलेला सूड घालवलात! चार फटके पडू द्यायचे होते मेल्याला! वर स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतलात!"

ताई खुर्चीत बसल्या. "मार त्याने खाल्ला असता ना, तर गोष्ट त्याची झाली असती," म्हणाल्या. "लोकांनी काय लक्षात ठेवलं असतं? घागरासुर लिहिला म्हणून ज्याने मार खाल्ला, तो लेखक. जन्मभर वळ दाखवत फिरला असता. नको. माझ्या राक्षसाचा मार मीच खाणार."

आणि खाल्ला त्यांनी. चाळीचा मालक नानाचा मेहुणा. ताईंच्या नळाची धार आधी बारीक झाली, मग बंद. टँकर त्यांच्या दारासमोर हॉर्न वाजवत थांबायचा आणि पाणी न देता पुढे जायचा. शेजारणी चोरून कळशी द्यायच्या, त्यांनाही दम मिळाला. मी रिक्षातून कॅन नेऊन देत होते, पण असं किती दिवस? शेवटी मालकाने खोली खाली करायला सांगितली. महाशय फ्लॅट भाड्याने देऊन दादरला परतले. नानाला काही झालं नाही. तो पुढे निवडणुकीला उभा राहिला आणि निवडूनही आला. त्याच्या मिरवणुकीचा गुलाल माझ्या दारात पडला तो मी त्याच्या माणसांसमोर बादली ओतून धुतला. पाणी त्याच्याच टँकरचं होतं, विकत घेतलेलं, तरी धुतला. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडून दे. क्षमा मोठ्या मनाच्या माणसांनी करावी. माझं मन तेवढं मोठं नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

कल्याणचा संपादक मात्र आपण होऊन ताईंच्या दारात आला. वाचक पुढचे भाग मागत होते. ताईंनी त्याला उंबऱ्यातच उभं केलं. "आधी छापा, की गोष्ट चोरली होती. मग माझ्या नावाने पुढचं छापा. पूर्ण नाव." तो कां कूं करत तयार झाला. सातवा भाग त्यांनी अर्धं सामान बांधलेल्या खोलीत उभं राहून सांगितला आणि मी जमिनीवर बसून लिहून घेतला. घागरासुर तहानेने तडफडत घागरींकडे धावतो. प्रत्येक घागर त्याला त्याच्याच आवाजात म्हणते, 'पाणी आपलंच आहे, घाबरू नका,' आणि रिकामी निघते. ओट्यावरच्या सभ्य लोकांनी किती विनवण्या केल्या, की नागीणताई, शेवटी एक घोट तरी द्या हो त्याला. ताईंनी थेंब दिला नाही. महाशयांना त्यांनी राक्षससुद्धा केलं नाही. एक उंदीर आहे, कोपऱ्यात बसून दुसऱ्याची पानं कुरतडतो. मी विचारलं, याचं नाव काय ठेवायचं? म्हणाल्या, "काही नको. नाव दिलं तर खूश होईल."

ज्या दिवशी तो भाग छापून आला त्याच दिवशी सकाळी टेम्पो भरला. ताई नगरकडे भावाच्या गावी चालल्या होत्या. मी स्टेशनवरच्या स्टॉलवरून अंक घेऊन धावत पोचले तेव्हा त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर पाण्याची कळशी. खिडकीतून अंक दिला. त्यांनी पान उघडलं आणि बघतच राहिल्या. मला रडू आवरत नव्हतं.

"वाचा ना, ताई. एकही चूक नाही, मी सगळं तपासलंय."

"गोष्ट मला पाठ आहे गं," त्या म्हणाल्या. बोट वरच्या ओळीवर होतं, विमल सोनवणे या अक्षरांवर. "नाव वाचू दे."

टेम्पो निघाला. मी वळणापर्यंत हात हलवत राहिले, पण त्यांनी मान वर केली नाही.